‘असा नियम आहे’

नीतीचा प्रश्न म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें न्यायालय, रणांगण, मृत्युशय्या, किंवा निदान एखाद्या गृहकलहाचें चित्र उभें राहतें. हायस्कुलांतील आठवीच्या वर्गांत, दुपारच्या तासाला, फळ्यावर बीजगणिताचीं उदाहरणें चाललीं असतांना तेथें नीतीचा कांहीं प्रश्न उपस्थित होत असेल, असें कोणाच्या स्वप्नींहि येत नाहीं. गणित हा बोलूनचालून निर्विकार विषय. त्यांत दया नाहीं, माया नाहीं, पाप नाहीं, पुण्यहि नाहीं. उत्तर बरोबर किंवा चूक, एवढाच त्याचा व्यवहार. मीहि पुष्कळ वर्षें याच समजुतींत होतों. एका विद्यार्थ्यानें ती मोडली. परंतु ती मोडल्याचें मला त्या दिवशीं कळलें नाहीं, फार उशिरां कळलें. तो प्रसंग आणि त्यावरून सुचलेला विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कॉलेजांत जागा मिळेपर्यंत, १९९४ सालीं, मी एका तालुक्याच्या गांवीं हायस्कुलांत गणित शिकवीत होतों. वर्गांत साठाच्या घरांत मुलें, बहुतेक शेतकऱ्यांचीं. ऋण संख्या शिकवावयाच्या होत्या. आपल्या भाषेनें या बाबतींत शिक्षकाचें निम्में काम आधींच करून ठेविलें आहे, कारण ऋण म्हणजे कर्ज हें मुलाला सांगावें लागत नाहीं. खिशांत पांच रुपये असले तर धन पांच, वाण्याकडे पांच रुपयांची उधारी असली तर ऋण पांच, असें मीं सांगितलें. बेरीज झाली, वजाबाकी झाली. मुलें खूष, मीहि खूष. मग गुणाकार आला, आणि मीं फळ्यावर लिहिलें : ऋण गुणिले ऋण बरोबर धन.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. म्हणाला, ‘सर, कर्जाला कर्जानें गुणलें तर पैसे येतात, तर आमच्या बापाचें सोसायटीचें कर्ज तसंच फिटेल का?’

सगळा वर्ग खो खो हंसला. तो मुलगा मात्र हंसला नाहीं. मलाहि हंसूं आलें. परंतु त्या हंसण्याच्या आड दुसरेंच कांहीं दडलें होतें. मला उत्तर येत नव्हतें. उच्च बीजगणिताचीं प्रमेयें मीं परीक्षेंत धडाधड लिहिलीं होतीं, त्यांबद्दल पहिला वर्गहि मिळविला होता. पण दोन ऋणांचा गुणाकार धन कां, हें आठवीच्या मुलाला पटेल अशा चार वाक्यांत सांगण्याची वेळ माझ्यावर कधीं आली नव्हती, आणि मला स्वतःला तसा प्रश्न कधीं पडलाहि नव्हता. मीं म्हटलें, ‘असा नियम आहे. लिहून घे.’ त्यानें निमूटपणें लिहून घेतलें. पुढें वर्षभर त्यानें माझ्या तासाला एकहि प्रश्न विचारला नाहीं.

यांत माझ्याकडून काय चुकलें? मला उत्तर आलें नाहीं हा दोष नव्हे. अज्ञान हें पाप नव्हे, आणि शिक्षकाला सर्व कांहीं आलें पाहिजे असें मी मानीत नाहीं. चूक दुसरीच होती. कर्जाची उपमा मुलानें शोधून काढली नव्हती; ती मीं त्याला दिली होती. तो माझ्यावर विश्वास टाकून तिच्यावरून चालत गेला आणि जेथें ती खचली तेथें थबकून त्यानें मला हांक मारली. अशा वेळीं, ‘ही उपमा येथपर्यंतच चालते, पुढें दुसरा रस्ता धरावा लागतो,’ असें सांगणें हें माझें कर्तव्य होतें. तें न करितां मीं त्यालाच मूर्ख ठरविलें, आणि माझें अज्ञान शिक्षकाच्या खुर्चीखालीं लपविलें. चिन्हांचा नियम त्याला त्या दिवशीं आला कीं नाहीं कोण जाणे. पण विचारलें कीं लोक हंसतात, हें मात्र तो पक्कें शिकला.

गंमत अशी कीं, हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, एका फ्रेंच मुलानें जवळपास दोनशें वर्षांपूर्वीं विचारला होता. पुढें स्तांदाल या नांवानें प्रसिद्धीस आलेला हा कादंबरीकार १७८३ सालीं ग्रनोब्ल येथें जन्मला. आपल्या बाळपणाची जी हकीगत त्यानें १८३५-३६ च्या सुमारास लिहिली आणि जी त्याच्या मृत्यूनंतर १८९० सालीं छापली गेली, तिच्यांत त्यानें आपल्या गणिताच्या शिक्षकांची कैफियत मांडली आहे. दहा हजार फ्रँकांच्या कर्जाला पांचशें फ्रँकांच्या कर्जानें गुणून माणूस पन्नास लाखांचा धनी कसा होईल, अशी त्याची पृच्छा होती. त्याचें समाधान कोणीं केलें नाहीं. परंतु त्याच्या तक्रारीचें खरें मर्म याहून खोल आहे. त्याला गणित प्रिय होतें, आणि त्याचें कारण असें कीं, जगांत सर्वत्र ढोंग चालतें पण या एका शास्त्रांत तें चालणें शक्य नाहीं, अशी त्याची श्रद्धा होती. शिक्षकांनीं उत्तर टाळलें तेव्हां त्याच्या मनांत आलें कीं, येथेंहि तेंच आहे काय? एका मुलाच्या श्रद्धेला असा तडा जावा ही गोष्ट लहान नाहीं. तो मोठा लेखक झाला म्हणून त्याची तक्रार छापली गेली. माझ्या विद्यार्थ्याची कोठेंच नोंद नाहीं.

आणि हे दोघे कांहीं मंदबुद्धीचे म्हणतां येणार नाहींत. केंब्रिजचे पदवीधर फ्रान्सिस मॅसेरेस यांनीं १७५८ सालीं, आणि विल्यम फ्रेंड यांनीं १७९६ सालीं, ऋण संख्यांवर ग्रंथ लिहून कडाडून आक्षेप घेतले होते. शून्यांतून कांहीं वजा करणें हें त्यांना बुद्धीचा अपमान वाटे. विद्वानांना जी अडचण इतकीं वर्षें वाटली ती तेरा वर्षांच्या मुलाला वाटली, तर त्याला शाबासकी द्यावी कीं गप्प बसवावें?

वाचकांपैकीं पुष्कळांनीं हा नियम माझ्यासारखाच लिहून घेतला असेल. तेव्हां त्या मुलाचें उत्तर येथें द्यावयास हवें. ऋण संख्या क्षणभर विसरा. आठ सत्ते छपन्न, एवढें पाढ्यांतलें सत्य घ्या. आठ म्हणजे दहांतून दोन कमी, सात म्हणजे दहांतून तीन कमी. तेव्हां (१० − २) गुणिले (१० − ३) याचें उत्तर छपन्नच आलें पाहिजे. आतां कंस फोडूं. दहा गुणिले दहा शंभर. त्यांतून दहा त्रिक तीस वजा, आणि दहा दुणे वीस वजा, राहिले पन्नास. उत्तर हवें छपन्न. सहा कमी पडले. आणि करावयाचें राहिलें आहे काय? ऋण दोन आणि ऋण तीन यांचा गुणाकार. तो अधिक सहा धरला तर हिशेब जुळतो. वजा सहा धरला तर चव्वेचाळीस येतात, आणि आठ सत्ते चव्वेचाळीस म्हणणाऱ्याला पुन्हां दुसरीच्या वर्गांत बसवावें लागेल. ज्याला हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यानें दहा हात लांब आणि दहा हात रुंद अशी चटई कल्पावी. एका अंगानें दोन हातांची पट्टी कमी केली, दुसऱ्या अंगानें तीन हातांची. दोन्ही पट्ट्या वजा करितांना कोपऱ्यांतला दोन हात बाय तीन हातांचा तुकडा दोनदां वजा झाला. तो एकदां परत दिल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. तो परत दिलेला तुकडा म्हणजेच ते अधिक सहा.

आणि कर्जाच्या उपमेचें काय? तीहि अगदींच टाकाऊ नव्हती. मीं ती नीट वापरली नाहीं एवढेंच. गुणाकारांतील एक संख्या वस्तु सांगते, दुसरी ती वस्तु किती वेळां घ्यावयाची तें सांगते. कर्जाला कर्जानें गुणणें यास कांहींच अर्थ नाहीं, जसा रुपयाला रुपयानें गुणण्यास नाहीं; त्या मुलाचें म्हणणें येथें तंतोतंत बरोबर होतें. परंतु पांचशें रुपयांचें कर्ज तीन वेळां माफ झालें, तर माणसाची स्थिति पंधराशें रुपयांनीं सुधारते. ऋण पांचशें ही वस्तु. ऋण तीन म्हणजे तीन वेळां काढून घेणें. कर्जमाफी म्हणजे काय हें त्या वर्गांतल्या मुलांना माझ्याहून अधिक ठाऊक होतें. चार वाक्यांचें काम होतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे येतों. ‘असा नियम आहे’ हें वाक्य शाळेंत दिवसभर ऐकूं येतें, आणि सगळ्याच ठिकाणीं तें गैर नसतें. पानिपतची तिसरी लढाई १७६१ सालीं झाली, हें मुलानें शिक्षकाच्या व ग्रंथांच्या साक्षीवर मानलें पाहिजे. तो स्वतः जाऊन पाहूं शकत नाहीं. ‘पोथी’ स्त्रीलिंगी कां आणि ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी कां, यास रूढि हेंच उत्तर आहे आणि तें प्रामाणिक उत्तर आहे. परंतु बीजगणितांत शिक्षकाच्या शब्दाला शिक्षकाचा शब्द म्हणून कवडीची किंमत नाहीं. तेथें कारण हाच अधिकारी. चौदा वर्षांचा मुलगा आणि पन्नाशीचा प्रोफेसर हे ज्या थोड्या जागीं एका पंक्तीला बसतात त्यांपैकीं ही एक. साक्ष, रूढि आणि कारण या तीन निराळ्या गोष्टी आहेत. कोणत्या विधानामागें यांपैकीं काय उभें आहे हें ओळखतां येणें, हें मला सुशिक्षितपणाचें पहिलें लक्षण वाटतें. बीजगणिताच्या वर्गांत जो शिक्षक कारणाच्या जागीं आपला अधिकार आणून बसवितो, तो एक नियम कच्चा ठेवतो एवढेंच नव्हे; मुलाला या तिहींतला भेद ओळखावयास शिकविण्याची जी उत्तम संधि त्याच्या हातीं असते, ती तो भलतेंच शिकविण्यांत खर्च करितो.

ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें ब्राह्मस्फुटसिद्धान्तांत धन, ऋण आणि शून्य यांच्या गणिताचे नियम सांगितले. एवढ्या स्वच्छपणें ते मांडणारा त्याच्या पूर्वींचा ग्रंथकार आपणांस माहीत नाहीं. त्याच ग्रंथांत शून्याला शून्यानें भागलें असतां शून्य येतें असेंहि त्यानें म्हटलें आहे, आणि तें चूक आहे. कोणत्याहि संख्येला शून्यानें गुणलें तरी शून्यच येतें. तेव्हां उत्तर शून्यच कां, सात कां नव्हे, हें ठरवावयास आधारच उरत नाहीं. आजचा आठवीचा मुलगा हें कारण देऊन ब्रह्मगुप्ताची चूक दाखवूं शकतो, आणि त्यांत ब्रह्मगुप्ताचा अनादर मुळींच होत नाहीं. हें स्वातंत्र्य ज्या विषयांत सहज देतां येतें, त्याच विषयांत ‘लिहून घे’ म्हणावें काय?

या ‘लिहून घे’चे परिणाम मी गेलीं कित्येक वर्षें कॉलेजांत पाहत आहें. क्ष + ७ = १२ या समीकरणांत सात पलीकडे गेले कीं त्यांचें चिन्ह बदलतें, असें मुलांना शाळेंत सांगण्यांत येतें. याला पक्षांतर म्हणतात. आणि पक्षांतर केलें कीं चिन्ह बदलतें, हें आपल्याकडे मुलांना नवल वाटूं नये! पण खरें पाहतां कोणीच कोठें जात नाहीं. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सात सात काढले, पारडीं समान राहिलीं, एवढीच गोष्ट. ती न कळलेला मुलगा ३क्ष = १२ हें पाहतो, तीन पलीकडे नेतो, चिन्ह बदलतो, आणि क्ष = ९ असें लिहितो. आपण त्याला निष्काळजी म्हणतों. खरें तर तो आज्ञाधारक आहे. जो नियम त्याला दिला तो त्यानें पाळला. कारण ठाऊक नसल्यामुळें नियम कोठें लागू नाहीं हें त्याला ओळखतां येत नाहीं. मोठेपणीं पैशाच्या, कायद्याच्या किंवा समाजाच्या व्यवहारांत हाच आज्ञाधारकपणा माणसाला कोठवर नेतो, हें मीं सांगावयास नको.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, डोक्यावर परीक्षा. प्रत्येक ‘कां’ला उत्तर देत बसलें तर वर्षाखेर पहिलें प्रकरणहि पुरें होणार नाहीं. शिवाय मूल आधीं बोलावयास शिकतें, व्याकरण मागाहून. पाढे आधीं पाठ होतात, त्यांचा अर्थ नंतर उमगतो. हें सर्व मला मान्य आहे. पाठांतराचा मी द्वेष्टा नाहीं. पावकी-निमकी ज्यांच्या जिभेवर होती त्यांचा हिशेब किती चोख असे, हें मीं माझ्या आजोबांत पाहिलें आहे. आणि हेंहि खरें कीं कित्येक नियमांचीं पूर्ण कारणें आठवीच्या मुलास झेपणारीं नसतात. चिन्हांच्या नियमाचेंच घ्या. चटईचें उदाहरण कारण दाखवितें. पण मुळांत हा मनुष्यांनीं केलेला एक निर्णय आहे. संख्यांचें राज्य शून्याच्या खालीं वाढवितांना, कंस फोडण्याचा जुना कायदा मोडावयाचा नाहीं, असें गणित्यांनीं ठरविलें, आणि तो कायदा टिकवावयाचा तर ऋण गुणिले ऋण धनच मानावें लागतें. इतकें सगळें एका तासांत कसें सांगावें?

माझें उत्तर असें कीं, नीतीची सीमारेषा पाठांतर आणि आकलन यांमधून जातच नाहीं. ती निराळ्या ठिकाणाहून जाते. ‘कां’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तरें तीन आहेत. एक, ‘हें त्याचें कारण.’ दुसरें, ‘याला कारण आहे, पण तें समजण्यास आणखी दोन गोष्टी याव्या लागतील, तोंवर माझ्या भरवशावर चाल, मी तें तुला देणें लागतों.’ तिसरें, ‘मला ठाऊक नाहीं, पाहून सांगतों.’ यांपैकीं दुसऱ्यास अर्धें मिनिट लागतें, तिसऱ्यास त्याहून कमी. तेव्हां वेळ नाहीं ही सबब येथें टिकत नाहीं. या तिहींखेरीज जें चौथें उत्तर, म्हणजे कारण विचारणेंच गैर आहे असें भासविणें, तें मात्र असत्य आहे. आणि तें शिक्षकाच्या तोंडून निघतें म्हणून अधिक अपायकारक आहे. मुलाचा विश्वास ही उसनवार घेतलेली वस्तु आहे. ती घ्यावीच लागते, तिच्यावांचून शिकविणें अशक्य. पण ती उसनी आहे हें विसरतां कामा नये.

हा धडा मला बीजगणितानेंच द्यावयास हवा होता. कारण या शास्त्राची पहिली पायरी कोणती? जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं असें कबूल करून त्याला नांव देणें. आमच्या जुन्या आचार्यांनीं त्याला अव्यक्त म्हटलें; पहिलें अव्यक्त यावत्तावत्, आणि अधिक लागलीं तर काळें, निळें, पिवळें, तांबडें अशीं रंगांचीं नांवें दिलीं. आपलें अज्ञान न लपवितां त्याला फळ्यावर उघड मांडावयाचें, ज्ञात संख्येइतक्याच सरळपणें वागवावयाचें, आणि मग तें ज्ञात होतें. भास्कराचार्याच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींतील बीजगणितांत माकडांचें एक उदाहरण आहे. कळपाचा पांचवा हिस्सा, त्यांतून तीन वजा, त्याचा वर्ग, इतकीं माकडें गुहेंत गेलीं. एक फांदीवर दिसलें. तर कळप केवढा? उत्तरें दोन निघतात, पन्नास आणि पांच. पांच धरले तर पांचवा हिस्सा एक, आणि एकांतून तीन वजा केले तर ऋण दोन माकडें उरतात. आचार्यानें हें दुसरें उत्तर पुसून टाकलें नाहीं. तें मांडलें, आणि तें कां घ्यावयाचें नाहीं तेंहि सांगितलें : ऋण झालेल्या वस्तूंवर लोकांचा विश्वास बसत नाहीं. गणितानें दिलेलें आणि लोकव्यवहारानें नाकारलेलें अशीं दोन्ही उत्तरें त्यानें शिष्यापुढें ठेविलीं. शिष्याला मोठा समजण्याची ही रीत आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मला आठवड्याभरांतच एका ग्रंथांत सांपडलें. परंतु तोंवर वर्गांत अवयव पाडण्याचें प्रकरण सुरू झालें होतें. आतां मागें कोण जातो, असें मीं मनाशीं म्हटलें. आणि खरें सांगावयाचें तर, आपल्याला त्या दिवशीं येत नव्हतें हें साठ मुलांसमोर कबूल करण्याचें धैर्य मला झालें नाहीं. पुढल्या वर्षीं मला कॉलेजांत जागा मिळाली. तो मुलगा पुढें किती शिकला, त्याच्या वडिलांचें कर्ज फिटलें कीं नाहीं, मला माहीत नाहीं. मी चौकशी केली नाहीं.

हल्लीं कॉलेजांतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशीं एक काम सांगतों : शाळेंत वर्षानुवर्षें वापरलेला, पण कारण ठाऊक नसलेला एक नियम कागदावर लिहून द्या. आरंभीं कोणी लिहीत नाहीं. चांगले गुण मिळवून आलेलीं मुलें असतात; त्यांना संकोच वाटतो. मग मी फळ्याकडे वळतों, आणि मला एका मुलानें काय विचारलें होतें आणि मीं काय उत्तर दिलें, हें त्यांना सांगतों. तें सांगून झालें कीं कागद भरावयास लागतात.